पहाटे चारच्या स्वतःसाठी चिठ्ठी : रेसिडेन्सीच्या टेन्शनमध्ये डोकं चालू कसं ठेवायचं

दर वर्षी रेसिडेन्सीला, म्हणजे हॉस्पिटलात ड्युटी करत पीजी शिकायला, नवीन बॅच जॉइन झाली की आठ-पंधरा दिवसांत मला कोणा ना कोणाचा मेसेज येतो, मॅडम मला काहीच येत नाही असं वाटतंय, एमबीबीएसला सगळं येत होतं, नीट पीजीला चांगले मार्क पडले, आणि इथे बेडजवळ उभं राहिलं की डोकं कोरं. दर वेळी मी तेच उत्तर टाईप करते, म्हणून या वेळी एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी मेडिसिनवाली, सरकारी कॉलेजमधून एमडी केलंय, त्यामुळे उदाहरणं मेडिसिनचीच येतील, सर्जरी-गायनॅकवाल्यांनी आपापली बदलून घ्या.

पहिलं म्हणजे, तुम्हाला येतंय. टेन्शन आणि जागरणाने शिकलेलं पुसलं जात नाही, पण ऐनवेळी ते हाताशी येत नाही, कपाटात साडी आहे माहितीये पण किल्ली सापडत नाही तसं.

माझंच सांगते. जेआर वन, म्हणजे ज्युनियर रेसिडेंटचं पहिलं वर्ष, त्याचा दुसरा महिना, इमर्जन्सी डे, सकाळी सातला उठलेले आणि आता दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेचार. एका पेशंटची शुगर वाढलेली, रेग्युलर इन्सुलिन १० युनिट द्यायचं होतं. वॉर्डातला स्टॉक संपलेला, नातेवाइकाने बाहेरच्या मेडिकलमधून व्हायल आणली, ती निघाली १०० वाली म्हणजे एका एमएलमध्ये १०० युनिट, आणि माझ्या हातात सिरिंज लाल टोपणाची, ४० वाली. मी १० च्या खुणेपर्यंत भरलं. त्या खुणेला पाव एमएल बसतं, म्हणजे झाले २५ युनिट, सरळ अडीच पट. नाइटच्या सिस्टर शेजारी होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, “डॉक्टर, टोपण लाल आहे हो.” मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि पाय गळाल्यासारखे खाली बसले. ४० ची सिरिंज लाल आणि १०० ची केशरी हे मी आदल्याच आठवड्यात इंटर्नना शिकवलं होतं! त्या क्षणी माझा कोणी वायवा (तोंडी परीक्षा) घेतला असता तर मी धडाधड सांगितलं असतं, पण स्वतःहून आठवायचं म्हटलं तर आठवलंच नाही.

हे का होतं ते थोडक्यात, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप पटतं. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन नावाच्या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले होते, चुकीच्या खोक्यात गेलं की शॉक. काम सोपं असलं तर शॉक वाढवला की उंदीर जास्त भराभर शिकायचे, पण काम अवघड असलं, दोन्ही खोक्यांत फरक अगदी थोडा असला, की जास्त शॉकने उंदीर बिघडायचे, मध्यम शॉकलाच बरं शिकायचे. आपलंही तसंच आहे. टेन्शनमध्ये सॅम्पल काढता येतं, आयव्ही (शिरेतली सुई) लागते, उलट कधी कधी जास्त पटकन लागते, कारण ते हाताला बसलेलं असतं. पण एबीजी (रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट) वाचणं, डोस काढणं, “हे न्यूमोनिया नाहीये, एम्बोलिझम (फुप्फुसात अडकलेली गुठळी) असेल का” असा विचार करणं, हे सगळं कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग करतो आणि जास्त ताण आला की सगळ्यात आधी तोच भाग ढेपाळतो. मग आपण काय करतो, जे पहिलं सुचलं तेच धरून बसतो, मॉनिटरवरचा एकच आकडा बघत राहतो, मागून सिस्टर काही सांगत असतात ते कानावर पडतं पण आत जात नाही.

म्हणून माझी सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे : पहाटे चार वाजता विचार करावा लागू नये याची सोय दुपारी चार वाजता करून ठेवायची.

डायरी, आणि त्यात काय लिहायचं

ॲप्रनच्या खिशात मावेल अशी छोटी डायरी घ्या. फोनमध्ये नको, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते आणि फोन उघडला की ग्रुपवरचे १४० मेसेज दिसतात. ड्युटी नसलेल्या दिवशी, पोटभर जेवून झोपून उठल्यावर, तुमच्या वॉर्डात खरोखर लागणाऱ्या गोष्टी स्वतःच्या अक्षरात लिहा. पुस्तकातलं अख्खं चॅप्टर उतरवू नका, पहाटे वाचता आलं पाहिजे. माझ्या पहिल्या पानावर ॲड्रेनलिन होतं, कारण तेच औषध दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लागतं आणि घाबरल्यावर नेमकं तिथेच उलटसुलट होतं : ॲनाफिलॅक्सिसला (जीवघेण्या ॲलर्जीला) मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम मांडीत आयएम (स्नायूत), अरेस्टला (हृदय बंद पडल्यावर) एक मिलिग्रॅम आयव्ही, दर तीन ते पाच मिनिटांनी. दुसऱ्या पानावर पोटॅशियम क्लोराइड, त्यावर लाल पेनाने “कधीही पुश (थेट शिरेत एकदम) नाही, डायल्यूट करूनच”. मग इन्सुलिनची टोपणं (त्या रात्रीनंतर). मेटाबॉलिक ॲसिडोसिसमधलं (रक्तात आम्ल वाढतं तेव्हाचं) अपेक्षित सीओटू, म्हणजे बायकार्ब गुणिले दीड अधिक आठ, दोन इकडे तिकडे. इन्फ्युजनचे रेट तुमच्या आयसीयूत ज्या पद्धतीने बनवतात त्याच पद्धतीने, कारण एका युनिटला ५० एमएलमध्ये बनवतात आणि दुसऱ्याला १०० मध्ये, आणि पोस्टिंग बदललं की पहिल्याच रात्री घोळ होतो. पोस्टिंग बदललं की ते पान नव्याने लिहा, जुन्यावर काट मारा.

आणि डायरी काढून बघायला लाजू नका. पेशंटसमोर डायरी उघडली म्हणून कोणी तुम्हाला कच्चा डॉक्टर म्हणत नाही, आणि म्हटलं तर म्हणू दे.

एक नियम वेगळा सांगते, धोक्याचं औषध असेल तर नाव, डोस आणि रूट (कुठून द्यायचं) मोठ्याने बोला आणि समोरच्या सिस्टर-ब्रदरकडून परत म्हणवून घ्या. सुरुवातीला नाटकी वाटतं, आठवड्यात सवय होते. माझ्या किश्श्यात मी मोठ्याने बोलले नव्हते, सिस्टरची नजर पडली म्हणून वाचलं.

ओव्हर देताना-घेताना

ताणाखाली सगळ्यात जास्त काय गळतं तर दुसऱ्याच्या डोक्यातलं. संध्याकाळी ओव्हर देणारा, म्हणजे आपले पेशंट पुढच्या ड्युटीवाल्याच्या हवाली करणारा, घरी पळायच्या घाईत, घेणारा आधीच तीन ॲडमिशनमध्ये अडकलेला, “बेड सहा स्टेबल, बेड सात स्टेबल, बेड आठ बघत रहा.” बघत रहा म्हणजे काय बघू? अमेरिका-कॅनडातल्या नऊ बालरुग्ण हॉस्पिटलांमध्ये ओव्हरची ठरावीक पद्धत बसवली होती, आय-पास म्हणतात तिला, २०१४ मध्ये निकाल छापून आले, वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. त्यातल्या दोनच गोष्टी घेतल्या तरी पुष्कळ. एक, आधी सांगायचं की पेशंट किती सिरियस आहे, मग बाकी कहाणी. दुसरं, “अमुक झालं तर तमुक कर” हे लेखी. म्हणजे “बेड आठ, जीआय ब्लीड (पोटातला रक्तस्राव), रात्री परत उलटीत रक्त आलं किंवा पल्स १२० च्या वर गेली तर दोन बॅग रक्त क्रॉसमॅच करून (जुळवून) ठेवल्यात, लगेच मागव आणि रजिस्ट्रारला फोन कर.” हे संध्याकाळी सहाच्या ताज्या डोक्याने लिहिलेलं वाक्य पहाटे तीनला कोणाचातरी जीव वाचवतं, शब्दशः. ओव्हर घेणाऱ्याने शेवटी फक्त सिरियस पेशंट परत म्हणून दाखवायचे, दोन मिनिटं लागतात.

सीनियरला फोन कसा करायचा

हा खरा घोळाचा भाग आहे. पहिल्या वर्षाच्या पोरांकडून पेशंट बिघडतो तो बऱ्याचदा माहिती नसल्याने नाही तर उशिरा फोन केल्याने, आणि फोन उशिरा का, तर मागच्या वेळी सर ओरडले होते. एवढ्यासाठी उठवलंस का, तू काय करतोयस मग तिथे, वगैरे वगैरे. मग माणूस अर्धा तास स्वतःच फ्लुइड देत बसतो आणि तेवढ्यात बीपी हातचं जातं.

त्यावर उपाय, फोन लावायच्या आधी चार ओळी कागदावर लिहा आणि त्या वाचा, पाठ बोलायला जाऊ नका. “मॅडम, मी वॉर्ड नऊमधून बोलतेय, बेड १४. बावन्न वर्षांचे, डायबेटिक, दोन दिवस ताप, आज संध्याकाळी ॲडमिट. आत्ता बीपी ८० बाय ५०, पल्स १३०, लघवी चार तासांत ४० एमएल. मला सेप्टिक शॉक (इन्फेक्शनने बीपी कोसळणं) वाटतोय, कल्चर पाठवून अँटिबायोटिक दिलंय, फ्लुइड चालू आहे, तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं.” शेवटचं वाक्य महत्त्वाचं, तुम्हाला काय हवंय ते सांगा, नुसती बातमी देऊन गप्प बसलं की झोपेतला सीनियर “बरं बरं, बघ” म्हणून फोन ठेवणारच. आणि कधी फोन करायचा ते आकडेही आधीच ठरवून घ्या. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी, दिवसाउजेडी, चहा पिताना सरांना विचारा, “सर, कोणत्या गोष्टीला मी तुम्हाला न विचारता उठवू?” बहुतेक सीनियर यावर नीट उत्तर देतात. मग रात्री फोन केलात तर तुम्ही त्यांचाच नियम पाळताय.

क्रॅश झाला तर

पेशंट अरेस्टमध्ये गेला, नातेवाईक ओरडतायत, मावशी रडतायत, तुमचे हात थरथरतायत. थरथरू दे, ते ॲड्रेनलिन आहे, त्याने काही बिघडत नाही. एक लांब श्वास सोडा, घ्यायचा नाही, सोडायचा, सावकाश. मग मोठ्याने बोलायला लागा, “रिस्पॉन्स नाही, पल्स नाही, कॉम्प्रेशन चालू.” कामं नावाने वाटा. “कोणीतरी ॲम्ब्यू (श्वास द्यायची पिशवी) आणा” म्हटलं की कोणीच आणत नाही, “सिस्टर ॲम्ब्यू, मामा (वॉर्डबॉय) ट्रॉली, तू घड्याळ बघ आणि दोन मिनिटं झाली की ओरड” असं म्हटलं की होतं. आणि एक जण नातेवाइकांकडे पाठवा, हे शक्यतो रजिस्ट्रारनेच करावं, नाहीतर दार ढकलून वीस जण आत येतात. महाराष्ट्रात डॉक्टरवर हल्ल्याविरुद्ध २०१० चा कायदा आहे, पण तो एफआयआरच्या वेळी कामाला येतो, दारातून लोक आत शिरताना नाही, त्यामुळे पेशंट सिरियस आहे हे आधीच दोनदा, फाइलवर सही घेऊन सांगितलेलं बरं.

सगळं संपल्यावर पाच मिनिटं टीमने एकत्र उभं राहून काय झालं ते बोला. सरळ पुढच्या ॲडमिशनला पळालात तर तो पेशंट डोक्यात घेऊनच पुढच्याला बघाल, आणि पुढच्याची हिस्टरी अर्धीच घेतली जाईल.

झोप, आणि तिच्याबद्दलची मर्दानगी

छत्तीस तास उभा होतो, हे सांगताना आपल्याकडे छाती फुगते. १९९७ चा एक अभ्यास आहे, १७ तास सलग जागं राहिलं की हात-डोळ्यांचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा होतो आणि २४ तासांना ०.१० च्या आसपास. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे ज्या अवस्थेत पोलिसाने पकडलं असतं त्या अवस्थेत आपण सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) टाकतो आणि वर फोटो स्टेटसला ठेवतो.

आणि मुद्दा टफ असण्याचा नाहीच. २००४ मध्ये बोस्टनच्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत इंटर्नची ड्युटी दोन प्रकारे लावून बघितली, एक नेहमीची २४ तासांच्या वरची, दुसरी १६ तासांच्या आसपास संपणारी. नेहमीच्या ड्युटीत गंभीर चुका ३६ टक्के जास्त. इंटर्न त्याच प्रोग्रामचे, तेवढेच हुशार, फक्त रोस्टर बदलला होता.

रोस्टर आपल्या हातात नसतो, मान्य. मग जे हातात आहे ते करा. इमर्जन्सी डेच्या आदल्या रात्री थिसिस लिहीत बसू नका, ती एक रात्र पवित्र. रात्री बारा ते सहामध्ये आपल्या को-रेसिडेंटशी आळीपाळी ठरवा, वीस मिनिटांची डुलकीसुद्धा फरक पाडते, साइड रूममध्ये अलार्म लावून. पण झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं डोकं अर्धवटच असतं, त्यामुळे आडवं पडूनच फोनवर ऑर्डर देऊ नका. उठून बसा, लाइट लावा, पेशंटचं नाव आणि बेड नंबर परत विचारा, शक्यतो जाऊनच बघा. फोनवर “हो हो द्या” म्हटलेलं सकाळी आठवतसुद्धा नाही, मी स्वतः असं म्हटलेलं आहे. चहा-कॉफी रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात, तीननंतर नको, कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात आणि मग सकाळची झोप जाते. जेवणाचं म्हणाल तर कॅन्टीन अकराला बंद होतं हे लक्षात ठेवून खिशात चिक्की, शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू काहीतरी असू दे, उपाशीपोटी माणूस सिस्टरवर खेकसतो आणि मग सिस्टर तुम्हाला टोपण लाल आहे हे सांगायची बंद होते.

पोस्ट-ऑन-कॉल, म्हणजे रात्रीची ड्युटी संपवून निघताना, टू-व्हीलर चालवू नका. रिक्षा करा, नाहीतर हॉस्टेलवरच झोपा. अमेरिकेतल्या इंटर्नवरच्या अभ्यासात लांबलचक शिफ्टनंतर घरी जाताना अपघाताची शक्यता दुपटीहून जास्त निघाली होती, आणि त्यांच्याकडे आपल्यासारखे खड्डे नाहीत.

चूक झाली तर

होणार. लपवू नका, कारण लपवलेली चूक दुरुस्त करता येत नाही. क्रम असा : आधी पेशंट सांभाळा, मग सीनियरला सांगा, मग फाइलमध्ये जे झालं ते वेळेसकट लिहा, मागे जाऊन खाडाखोड अजिबात नाही. आणि त्याच दिवशी एका माणसाशी बोला, जो तुमचं ऐकून घेईल आणि लगेच उपदेश करणार नाही.

हे शेवटचं मी उगाच सांगत नाही. चूक झाली की माणूस खचतो, खचलेला माणूस आणखी चुकतो. अमेरिकेतल्या बालरोग रेसिडेंट्सवर एक अभ्यास २००८ मध्ये आला होता, डिप्रेशन असलेल्यांच्या औषधांच्या चुका इतरांच्या सहापट होत्या. स्वतःकडे लक्ष ठेवायची माझी साधी खूण सांगते, तुम्ही पेशंटला नावाऐवजी “तो लिव्हर” “ती बडबडी” म्हणायला लागलात आणि कोणी गेलं तर बेड रिकामा झाला एवढंच वाटलं, रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यायला लागला, आंघोळ करायचाही कंटाळा, तर तो आळस नाही, बर्नआउटचा रस्ता आहे. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) टास्क फोर्सने २०२४ मध्ये जो रिपोर्ट दिला त्यातल्या सर्व्हेत पीजीच्या जवळपास ३१ टक्के मुलांनी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं होतं. म्हणजे असा विचार आला तर तुम्ही काही वेगळे, कमकुवत वगैरे नाही, पण त्या विचारासोबत एकटं बसायचं नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. स्वतःच्या हॉस्पिटलच्या सायकियाट्रीत जायचं अवघड वाटतं हे मला कळतं, मग दुसऱ्या हॉस्पिटलला जा, बाहेर प्रायव्हेटमध्ये जा, पण जा. कोणी मुद्दाम छळत असेल, जातीवरून गावावरून बोलत असेल, तर ते ट्रेनिंग नाही रॅगिंग आहे, महाराष्ट्रात त्यावर १९९९ पासून कायदा आहे, अँटी-रॅगिंग हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

जेआर टू-थ्री आणि लेक्चरर लोकांसाठी दोन ओळी

हे तुम्हीही वाचताय माहितीये मला. आम्ही पण असंच शिकलो, आम्हाला कोणी गोंजारलं नाही, हे ऐकून कान किटले. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या आयसीयूच्या २४ टीम घेऊन प्रयोग झाला, २०१५ मध्ये छापलाय, खोट्या केसवर काम करायचं, त्यातल्या काही टीमना बाहेरचा एक तज्ज्ञ आधी चार अपमानास्पद वाक्यं बोलला, ओरडलाही नाही. त्या टीमचं निदानही घसरलं आणि हातांची कामंही, एकमेकांना माहिती सांगणं आणि मदत मागणं कमी झालं. तुम्ही राउंडला जेआर वनला सगळ्यांसमोर झापता तेव्हा त्याचा पुढचा तासभर तो ज्या पेशंटना बघणार आहे त्यांचं काय होतं, याचा हिशेब मांडा कधीतरी.

आणि नियमांचं म्हणाल तर कागदावर सगळं आहे. १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास लिहिलंय, हसू येतं ना? २०२४ च्या टास्क फोर्सने ७४ तास सुचवले. २०२३ च्या पीजी नियमांत वर्षाला २० कॅज्युअल लीव्ह, पाच ॲकॅडेमिक लीव्ह आणि कामाच्या सोयीने आठवड्याला एक सुट्टी आहे. वेलनेस वीक, योगाचं सेशन, सकाळी सातला स्ट्रेस मॅनेजमेंटचं लेक्चर पोस्ट-ऑन-कॉल पोरांना बसवून, याने काही होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, रोस्टरमध्ये दोन माणसं वाढवा. लीव्ह मात्र तुम्ही मागा, लेखी मागा, तीन महिने आधी मागा, आणि नाही मिळाली तर मार्डच्या (निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या) तुमच्या कॉलेजच्या पोरांना सांगा, एकट्याने भांडू नका.

राहता राहिलं डायरीचं शेवटचं पान. तिथे फोन नंबर लिहा, आणि पहिल्याच दिवशी लिहा : ब्लड बँकेचं इंटरकॉम, रात्रीचा सीटी टेक्निशियन, ऑन-कॉल ॲनेस्थेशिया, ऑक्सिजन प्लँटवाले मामा, टिफिनवाल्या काकू. ब्लड बँकेचा नंबर भिंतीवर लिहिलेला असतो तो बहुतेक जुना असतो, स्वतः एकदा लावून बघा.